माइदेव सोनाराची परात

मित्रांनो, कतारच्या उत्तर टोकाला अल रुवैसचे बंदर आहे. तिथे हजराबाईंच्या अंगणात एका काळपट पितळी परातीत लिंबे वाळत घातलेली असतात. ती परात म्हणजे मी. मी फार जुनी आहे. माझ्या लहानपणी कोकणच्या किनाऱ्यावर यादवांचे राज्य होते.

तिथे खारवडी नावाचे छोटे बंदर होते. माइदेव सोनार त्याच गावचा. त्याची बायको लखाई माझ्यात पीठ मळायची आणि मी ओट्यावरून त्याचे काम बघायची. कर्णफुलात मोती बसवताना तो श्वास रोखून धरी. दागिना मनासारखा उतरला नाही, तर गिऱ्हाईक खूश असले तरी तो पुन्हा वितळवी.

एका वर्षी पावसाळा सरला आणि आखाताकडून खजूर घेऊन पहिली नौका आली. संध्याकाळ झाली होती, हवा धुरकट होती. नौकांना वाट दाखवणारा टेकडीवरचा दिवा इतका मिणमिणता, की नौकेला खाडीच्या तोंडचा खडक दिसलाच नाही. ती फुटली. कोळ्यांनी जमेल तेवढ्यांना बाहेर काढले. एका खलाशाला माइदेवाच्या ओसरीवर आणून ठेवले. माइदेवाने त्याच्या तोंडात पाणी घातले. तो काहीतरी बोलला, पण त्याची भाषा कुणालाच येत नव्हती. दिवस उजाडायच्या आत तो गेला.

सकाळी माइदेवाने मला ओट्यावरून उचलले आणि ऐरणीवर ठेवले.

"अहो, मी पीठ कशात मळू?" लखाई म्हणाली.

"केळीच्या पानावर मळ. ही मला हवी आहे."

मित्रांनो, हातोडीचे घाव सोसणे सोपे नसते. पण त्याचा एकही घाव रागाचा नव्हता. ठोकून ठोकून त्याने मला खोलगट केले, मग चिंच आणि राखेने इतके घासले, की माझ्यात त्याचा चेहरा दिसू लागला. मग त्याने मला टेकडीवर नेऊन दिव्याच्या मागे उभे केले. त्या संध्याकाळी उजेड खडकाच्याही पलीकडे पोहोचला.

"सोनाराने कान टोचावेत, बंदर कशाला सांभाळावे?" असे म्हणून व्यापारी हसले. पण त्या मोसमात एकही नौका खडकावर आली नाही, तेव्हा त्यांचे हसणे थांबले. पुढे म्हातारे नगरशेट वारले. कोळी आणि खलाशी सभेत एका आवाजात माइदेवाचे नाव घेऊ लागले. व्यापाऱ्यांचा मालही माझ्यामुळेच वाचत होता, म्हणून तेही कबूल झाले. मानाचा शेला सोनाराच्या खांद्यावर आला.

मग एक दिवस धरणाईशेट या बड्या व्यापाऱ्याने सभेत विषय काढला. सभा टेकडीच्या पायथ्याशीच भरे, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"शेजारच्या बंदराच्या नौका आपल्या दिव्यावर येतात-जातात," तो म्हणाला. "तेल आपले आणि फायदा त्यांचा. आपल्या नौका यायच्या असतील तेवढ्याच दिवशी दिवा लावावा."

बऱ्याच माना डोलल्या. माइदेव उभा राहिला.

"माझ्या ओसरीवर एक माणूस गेला," तो म्हणाला. "तो कुठला, कोण, मला आजही ठाऊक नाही. दिवा लावताना मी कुणाचे गाव विचारू?"

"मग नगरशेटपद सोडावे लागेल."

"घ्या परत. टेकडी चढायला पद लागत नाही."

त्याने शेला काढला, घडी घालून सभेसमोर ठेवला आणि तेलाचा बुधला उचलून तो वर चढू लागला. आधी एक कोळी उठला, मग दुसरा. बघता बघता अर्धी सभा त्याच्या मागे टेकडी चढत होती. दुसऱ्या दिवशी धरणाईशेट स्वतः शेला घेऊन त्याच्या दारी आला. सोबत तेलही होते. माइदेव शेवटपर्यंत नगरशेट राहिला, आणि शेवटपर्यंत सकाळी ऐरणीपाशीच बसला.

तो गेल्यावर खाडी गाळाने भरत गेली आणि नौका येईनाशा झाल्या. एका अरब नाखुद्याने, म्हणजे नौकेच्या मुख्याने, मला प्रेमाने सोबत इकडे कतारला आणले. पण त्याच्यानंतर माझी ओळख कुणालाच राहिली नाही. माझ्यात खजूर ठेवले, मासळी ठेवली. मी काळी पडले, माझा काठ चिरला. अलीकडेच एका शेजाऱ्याने घर आवरताना "यल्ला, घेऊन जा" म्हणत मला इनायतभाईंना देऊन टाकले. इनायतभाई म्हणजे हजराबाईंचे यजमान. ते रत्नागिरीचे, इथे बोटींची इंजिने दुरुस्त करतात.

गेल्या शुक्रवारी दोहा शहरातल्या अल नस्र वस्तीतून नयनाताई बंदरावर मासळी घ्यायला आल्या आणि हजराबाईंच्या अंगणात टेकल्या. सोबत त्यांची मुलगी ओवी होती. आईने मराठीत काही विचारले, की ती इंग्रजीतच उत्तर द्यायची. ती माझ्याजवळ उकिडवी बसली. तिने लिंबे बाजूला केली आणि हातोडीच्या खुणांवरून हळूच बोट फिरवले.

"ओवी, हात घाण होतील," नयनाताई म्हणाल्या.

ओवीने मान वर केली आणि अडखळत, पण चक्क मराठीत विचारले, "मावशी, हे कोणी केलं?"

"काय माहीत, बाय," हजराबाई म्हणाल्या. "पण हात मोठा चांगला होता त्याचा."

मित्रांनो, किती पिढ्या मला वापरत आल्या, पण हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. तुमच्याही घरात माझ्यासारखे काही पडलेले असेल. ते फेकण्याआधी एकदा घासून, पुसून बघा. त्यावर कुणाच्या हाताच्या खुणा आहेत, ते मोठ्यांना विचारा. आणि कधी अल नस्रला गेलात, तर ओवीला शोधून तिच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे सांगा. मला बोलता आले नाही.