बारवेतला तांबडा खिळा

सकाळी नऊलाच बारवेभोवती उभं राहायला जागा नव्हती. अहमदपूरच्या एसटीतून उतरलेली माणसं हातात खिळे घेऊन रांगेत होती. पायरीवर बसलेल्या पंचाक्षरी महाराजांनी एक काळा खिळा निळसर पाण्यात धरला, काहीतरी पुटपुटले आणि थोड्या वेळानं वर काढला. खिळा तांबडा झाला होता.

"लोखंडाचं तांबं झालं," महाराज म्हणाले. "पाण्यात शेवाळ न्हाई, बेडूक न्हाई, किडा न्हाई. इतकं निर्मळ पाणी काशीत तरी हाय का?"

लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र बेडकावर अडकलो. याच पायऱ्यांवर मी शाळेतल्या पोरांना तीस वर्षं बेडकांची अंडी दाखवली होती.

काठावर पत्र्याची खोली होती. तिच्यात सात महिन्यांची गरोदर रेणुका बसली होती. आधीचं लेकरू पोटातच गेलं, म्हणून सासूनं, सरजाबाईंनी, तिला अकरा दिवसांच्या व्रताला बसवलं होतं. दिवसातून तीनदा ओंजळभर तीर्थ प्यायचं आणि उंबऱ्यावरची भस्माची रेघ ओलांडायची नाही. आमच्याकडे बाधा होऊ नये म्हणून गरोदर बाईजवळ लोखंड ठेवतात. रेणुकाच्या करदोड्यातला तो खिळाही महाराजांनी तांबडा करून परत बांधला होता. आज चौथा दिवस होता.

"गुरुजी, पोटात पाणी ठरंना," ती आतूनच म्हणाली. "आत्याबाईला सांगा की."

"दोष बाहेर पडायलाय," सरजाबाई म्हणाल्या. "महाराज म्हणले, अर्ध्यात उठली तर हे बी लेकरू जाईल. तुमी जबाबदारी घेता का?"

मी उंबऱ्याकडं पाहिलं. फुंकरीनं उडेल एवढी ती रेघ, पण सुनेला आणि सासूला, दोघींनाही तिनं कोंडून ठेवलं होतं.

सरजाबाईंची नात पुनम सहावीत होती. तिला आणि तिच्या मैत्रिणींना मी म्हटलं, "चला, बेडूक कुठं गेले ते शोधू."

ज्याचं पाणी बारवेत उतरतं त्या ओढ्यानं आम्ही वर गेलो. काठावर मेलेल्या गोगलगायी पडल्या होत्या. वरच्या अंगाला एक शेड होती. तिथं भंगारातल्या तांब्याच्या तारा ॲसिडनं धूत, आणि पाइपातून निळं पाणी ओढ्यात पडत होतं.

"हे पाणी तर आधीपासून पडतंय," पुनम म्हणाली. "मग बेडूक आत्ताच कसे मेले?"

"इथं लव्हाळा होता, आठवतो? समुद्राच्या खाडीत खारफुटीची झाडं असतात. त्यांच्या मुळांशी चिखल धरतो आणि पाण्यातलं तांबं, शिसं त्या चिखलात अडकतं. आपला लव्हाळा तेच काम करत होता. खाडी असो की ओढा, असं अडवण्यालाही हद्द असते, पण बरंचसं तो अडवायचा."

"तो तर आपण महाराज यायच्या आधी बारवेच्या रस्त्यासाठी तोडला."

"होय. श्रमदानात पहिला विळा मीच चालवला."

पुनम शेडकडे बघत म्हणाली, "हे महाराज मागल्या साली इथंच तारा धुवायला होते. मामा सांगत होता. आन् ती पत्र्याची खोली शेडवाल्यानंच बांधून दिलीया."

घाण पाण्याला तीर्थ म्हटलं की तक्रार कोण करणार?

कृषी केंद्रातून मी मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, घेतलं आणि बारवेवर सगळ्यांसमोर बरणीतल्या पाण्यात विरघळवलं. पुनमनं त्यात खिळा सोडला. खिळा तांबडा झाला.

"बघा," महाराज हसले, "गुरुजींच्या हातालाबी देव पावला."

गर्दीही हसली.

मग पुनमनं जुन्या रेडिओतलं चुंबक पुढं केलं. "आज्जे, तांब्याच्या हंड्याला चुंबक धरतं का?"

"न्हाई धरत."

"मग काकूचा खिळा बघ."

सरजाबाईंनी रेणुकाच्या करदोड्यातून खिळा सोडला. चुंबकानं तो टक्कन ओढून घेतला. त्यांनी तो पायरीवर घासला. तांबडा पापुद्रा गेला आणि खाली लोखंड चमकलं.

"पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं," मी म्हणालो. "मंत्र म्हणा, नाहीतर पाढे म्हणा."

"भक्ती कमी पडली," महाराज म्हणाले.

"तसं आसंल," सरजाबाईंनी ओंजळ भरली. "तुमची तर लई हाय. एवढं तुमी प्या."

महाराजांनी ओंजळीकडं पाहिलं. त्यांच्या पाठीमागं सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचा खोका होता. इतके दिवस तो कुणाला दिसला नव्हता, आता सगळ्यांना दिसला.

सरजाबाईंनी पायानं रेघ पुसली. "चल पोरी. आदी दवाखाना."

रेणुका पाच दिवस लातूरला दवाखान्यात होती. पुढं तिला मुलगी झाली. पाण्याचा तपास झाला, शेड बंद पडली, महाराज त्याआधीच गावातून गेले होते. आम्ही ओढ्यात पुन्हा लव्हाळा लावलाय. पण तांबं कुजत नाही, जळत नाही. चिखलात ते अजून आहे, आणि बारवेचं पाणी आम्ही आजही पीत नाही. लव्हाळा तोडायची चूक करायला आम्हाला एक सकाळ पुरली होती.

परवा पुनमनं तिसऱ्या पायरीवर शेवाळाचा हिरवा धागा दाखवला. बेडूक अजून आलेला नाही.

पोरांनो, कुणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी दोन गोष्टी विचारा. या पाण्यात बेडूक जगतो का? आणि देणारा स्वतः ते पितो का?