तळहाताएवढा डाग

ताईचे पाय जमिनीवर चालेनासे झाले त्याला दोन वर्षे होत आली होती. पाण्यात मात्र ते अजून चालत. घरामागच्या पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात उभी राहून ती रोज सकाळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वीस फेऱ्या घाली, आणि उरलेला दिवस चाकांच्या खुर्चीत त्या वीस फेऱ्यांच्या बळावर काढी. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते की या दुखण्यात पाय जे एकदा विसरतात ते पुन्हा शिकत नाहीत. खंड पडलाच तर आठवड्याचा पडावा, पंधरवड्याचा पडू नये.

आणि खंड पाडणे तर भाग होते. तलावात उतरायच्या पाच पायऱ्या फायबरच्या, एकाच साच्यातल्या. वीस वर्षांत त्यांचा वरचा गुळगुळीत थर झिजला होता आणि आतले काचेचे तंतू ताईच्या तळव्यांत कुसळांसारखे रुतत होते. चालणे विसरत चाललेल्या त्या पायांना टोचणे तेवढे नेमके कळे.

काम धाकट्या भावाने अंगावर घेतले. तो होड्या दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्या हाताखालून गेलेली होडी मालकालाही चटकन ओळखू येत नसे. खोड एकच, की झालेले काम त्याला कधी झालेले वाटत नसे. लहानपणी वहीतले अक्षर तो कागदाला भोक पडेपर्यंत खोडून काढी, म्हणून ताईनेच त्याचे नाव ‘पुनश्च’ ठेवले होते, आणि पन्नाशी उलटली तरी घरात ते चालू होते. त्याने आठ दिवस मागितले. ताईच्या नवऱ्याने, भावोजींनी, ते आठ दिवस त्याच्या तोंडून दोनदा वदवून घेतले.

पाणी पायऱ्यांच्या खाली उतरवले. जुना थर आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपरने घासून काढला, भेगांत पुट्टीसारखी लांबी भरली, आणि थर घट्ट करणाऱ्या हार्डनरचे थेंब मोजून घालत नव्या थराचे दोन हात दिले. शेवटच्या हातात त्याने मेण मिसळले. हा थर उघड्या हवेत चिकट राहतो, मेण वर येऊन त्याला झाकते तेव्हाच तो नीट वाळतो. सातव्या दिवशी संध्याकाळी पायऱ्या वाळल्या होत्या. कललेल्या उन्हात त्याला तिसऱ्या पायरीवर तळहाताएवढा एक निस्तेज डाग दिसला. तेवढ्या जागी मेण सारखे पसरले नव्हते.

भावोजी म्हणाले की पाण्याखाली तो डाग कोणाला दिसणार, आणि या तलावात तक्रार करायला मासेही नाहीत. ताई खुर्चीतून वाकून बघत होती. ती म्हणाली, “पदरी पडलं, पवित्र झालं. उद्या पाणी भर.”

त्याने मान हलवली. सर्वांना तो होकार वाटला, आणि त्या क्षणी त्यालाही तो होकारच वाटला असावा.

याला कोणी अहंकार म्हणेल. पण ते पुरते खरे नाही. रात्रभर त्याने स्वतःशी जो वाद घातला तो बहिणीच्याच बाजूने घातला होता. कच्चा राहिलेला थर वर्षभरात सुटणार, तिच्याच पावलाखाली सुटणार, मग तलाव पुन्हा रिकामा, पुन्हा खंड; त्यापेक्षा आताच चार दिवस सोसलेले बरे. युक्तिवाद निर्दोष होता, आणि निर्दोष युक्तिवादाइतके माणसाला बेसावध करणारे दुसरे काही नसते. त्याने फक्त एक गोष्ट केली नाही. त्याने तिला विचारले नाही.

आठव्या दिवशी सकाळी सातला सँडरच्या आवाजाने घर जागे झाले. नुसता डाग घासला तर जोड दिसतो, म्हणून त्याने पायऱ्या वरपासून घासायला घेतल्या होत्या. ताईची खुर्ची मागच्या दारात आली तेव्हा तीन पायऱ्यांवर पांढरा भुगा पसरला होता.

“अरे, मी पोहायचे कपडे घालून बसलेय,” ती म्हणाली.

त्याने यंत्र बंद केले. “चार दिवस, ताई. फक्त चार.”

तिने भावोजींना खुर्ची फिरवायला सांगितले.

त्याने नवा हात दिला आणि त्याच दुपारी हवा फिरून थंडी पडली. थंडीत हा थर घट्ट होत नाही. त्याने वर कापड ताणले, खाली दिवे लावले, तरी नखाने दाबले की खूण उमटे. चाराचे दहा झाले, दहाचे सतरा. खंडाच्या दहाव्या दिवसापर्यंत ताई पलंगाची कड धरून क्षणभर उभी राहू शके. चौदाव्या दिवशी राहू शकली नाही. त्यानंतर पाणी कधी भरणार हे तिने विचारणे सोडून दिले. भावोजी त्याला वेळेवर चहा आणून देत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

पंचविसाव्या दिवशी तलाव भरला. पायऱ्यांना नावे ठेवायला जागा नव्हती. भावोजी पुढून आणि तो मागून, असे दोघांनी तिला उतरवले. छातीभर पाण्यात तिने पाऊल टाकून पाहिले, गुडघा दुमडला. तिने तीनदा पाहिले. चौथ्यांदा ती भिंतीकडे बघत नुसती थांबली आणि म्हणाली, “मला पायरीवर बसवा.”

त्यांनी तिला तिसऱ्या पायरीवर बसवले. पाठीला आधार द्यायला भावोजी वरच्या पायरीवर बसले. तिने पाण्याखाली तळहात फिरवला.

“छान झालंय,” ती म्हणाली. “डाग कुठे होता रे?”

त्याने वाकून शोधले. इतके दिवस मिटल्या डोळ्यांपुढे दिसलेली ती जागा त्याला आता दाखवता येईना.

“माझं चुकलं, ताई.”

“हो,” ती म्हणाली. त्या शब्दात राग नव्हता आणि माफीही नव्हती. मग तिने सांगितले, “पाय वर येतायत बघ.”

तिचे पाय पाण्यात हलके होऊन तरंगू लागले होते. तो कपड्यांनिशी खालच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तिची पावले पायरीवर टेकवून धरून राहिला.