चंपतबाबाच्या दुकानातले लाल आकडे

बाजाराच्या दिवशी बेला गावात चंपतरावाच्या किराणा दुकानापुढे चपलांचा ढीग पडायचा. पावशेर साखर आणायला आलेला माणूसही चपला काढून, डोक्यावरची टोपी सारखी करून आत जायचा, कारण आत भाव देवी सांगत होती. प्रत्येक फळीवर, मालाच्या खाली, लाल आकडे पेटलेले असत. कुणी हात न लावता साखरेचा आकडा विझायचा नि त्या जागी दुसराच उगवायचा. बाया पदर पुढे करून नमस्कार करायच्या. घासाघीस तर बंदच झाली, देवीशी कोण हुज्जत घालणार?

मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या रेणुकाबाईंचं डोकं हे ऐकूनच फिरायचं. हाच चंपतराव आधी कापसाच्या मापात दांडी मारताना पकडला गेला होता. मग काही महिने नागपुरात गडप झाला, आणि परतला तो भगवा फेटा, गळ्यात माळ आणि पेटीभर लाल आकडे घेऊन. आता त्याला चंपतबाबा म्हणायचं. गल्ल्यामागे गादीवर मांडी घालून बसायचा, मांडीवर जाड घोंगडी. लाईट गेली की आकडेही जायचे, तेव्हा बाबा सांगायचा, "देवी आराम करून राह्यली." वीज मंडळाच्या सोयीने आराम करणारी देवी रेणुकाबाईंनी तरी आजवर ऐकली नव्हती.

दुकानाचा नियम एकच. माल मागण्याआधी देवीच्या फोटोपुढे उभं राहायचं आणि आपली गरज मोठ्याने सांगायची. देवळात गाऱ्हाणं घालायची सवय सगळ्यांनाच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बाबा डोळे मिटून सुरू व्हायचा, "बोल माय, गरज बोल. काई लपवू नको. पदरी पुण्य असन तं भाव उतरन, पाप असन तं चढन. माह्या हाती काई नाई. मी तं तिचा हमाल." हमालाने एवढ्यात दुकानावर दुसरा मजला चढवला होता, ते सोडा.

रेणुकाबाईंनी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण एका संध्याकाळी शेजारची सोनाबाई त्यांच्या ओट्यावर येऊन बसली आणि डोळ्याला पदर लावला. सोनाबाईची सून बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेली तान्ही नात दुधाच्या पावडरीच्या डब्यावर जगत होती, आणि तो डबा सबंध बेल्यात एका चंपतरावाकडेच मिळायचा.

"काय झालं, सोनाबाई?"

"डबा पुन्हा महागला, बाई. मी देवीले म्हनलं, माय, सून गेली, लेकरू भुकेलं हाय, डबा पाह्यजेच. तं आकडा झपकन वर गेला. बाबा म्हने, पोरीच्या पायगुनानं चढला. माय खाल्ली, आता घर खाईन."

"आणि मारोतराव काय म्हणतात?"

सोनाबाई नवऱ्याचं नाव निघताच आणखी रडली. "ते म्हंतात, वांकिडीले तिच्या मामाकडं धाडून देऊ. बारसंबी करू देत नाईत. मामाच्या घरी खायचे वांधे, बाई. तिथं तिच्यासाठी डबा कोन आनन? पोर हाती लागनार नाई."

रेणुकाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या लेकराने अजून मान धरली नव्हती, त्याचा या भामट्याने निकाल लावून टाकला होता. त्यांनी विचारलं, "तोच डबा दुसऱ्या कुणाला स्वस्त मिळाला का?"

"सुधाकररावाले भेटला. पुन्यवान मानूस म्हने बाबा."

"कोण, तो बायकोला मारतो तो?"

"मलेबी नवलच वाटलं."

"त्यानं देवीला गरज काय सांगितली?"

"काई नाई. पाव्हने येऊन राह्यले, चहाले होईन म्हनला. भेटला तं भेटला."

आता रेणुकाबाईंना हसू आलं. या देवीला सुधाकररावाचं पाप दिसलं नव्हतं, पण त्याला डब्याची फारशी गरज नाही, हे मात्र तिने नीट ऐकलं होतं. पाहायला डोळे नाहीत आणि ऐकायला कान पक्के, असली ही देवी. पुढच्या बाजाराला काय बोलायचं ते त्यांनी सोनाबाईला शिकवलं. सोनाबाई घाबरली. देवीपुढे खोटं कसं बोलू, म्हणाली. "पाप माझ्या माथी. पण मारोतरावांना बरोबर आणा," रेणुकाबाई म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी चैताचं ऊन मी म्हणत होतं. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. सोनाबाई हात जोडून म्हणाली, "माय, पोर मामाकडं गेली. घरी मांजरीचे पिल्लं हायेत, सस्ता असन तं डबा घेतो, नाई तं राहू दे."

डब्याखालचा आकडा विझला आणि बराच खाली उगवला.

"पाह्यलं?" चंपतबाबा गरजला. "पांढऱ्या पायाची पोर घराबाहेर गेली नि पुन्य फळलं."

मारोतराव मान डोलावत होते. तेवढ्यात रेणुकाबाई पुढे आल्या. "बाबा, पोरगी घरीच आहे. सोनाबाई खोटं बोलल्या. देवीपुढे खोटं बोललं की डबा स्वस्त होतो का?"

बाबा म्हणाला, "देवी परीक्षा घेते," आणि घोंगडीखाली त्याचा हात हलला. आकडा पुन्हा वर चढला.

"एवढ्या उन्हात घोंगडी कशाला हो? थंडी वाजते?" असं म्हणत रेणुकाबाईंनी घोंगडी ओढली. मांडीवर लाकडी खोकं होतं, त्यावर बटणांच्या रांगा, आणि वायर गादीखालून थेट फळ्यांकडे गेलेली. बाबाने खोकं झाकायला फेटा काढला, तेव्हा टक्कलही उघडं पडलं. "मारोतराव, दाबा एक बटण," बाई म्हणाल्या.

मारोतरावांनी घाबरत बोट टेकवलं. साखर महागली. दुसरं दाबलं, तेल उतरलं. त्यांनी बोट झटकन मागे घेतलं. "म्हंजे माह्या नातीचा पायगुन या खोक्यात व्हता?" ते हळूच म्हणाले.

रेणुकाबाईंनी दुधाचा डबा उचलला. त्यावर देवीचं छोटं चित्र चिकटवलेलं होतं. प्रत्येक डब्यावर होतं, आणि त्याच कोपऱ्यात. "हात लावू नका, कोप होईन," चंपतराव केविलवाणा ओरडला. देवीच्या चित्राला या गावात कुणी नख लावणार नाही, यावर त्याचा सगळा धंदा उभा होता. बाईंनी पदर ओला केला आणि चित्र अलगद सोडवलं. खाली कंपनीने छापलेली किंमत होती. पुण्यवान सुधाकररावाला लागला त्याहूनही कमी.

"देवीला हवं ते गाऱ्हाणं घाला," बाई लोकांना म्हणाल्या. "पण ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्याच्यापुढे आपली नड उघडी करू नका. तुमचं पाप नाही मोजलं यानं, तुमची नड मोजली. आकडा आपोआप बदलला असं कुणी सांगितलं तर हात जोडू नका. आधी विचारा, बदलतो कोण, आणि माझं काय ऐकून बदलतो."

मारोतरावांनी छापील भावाने डबा घेतला आणि उपरण्यात गुंडाळला. बाहेर चपलांच्या ढिगात ते आपली चप्पल शोधत राहिले. सोनाबाई मागून म्हणाली, "काय हो, कवा नेऊन सोडता पोरीले वांकिडीले?"

मारोतरावांनी डबा छातीशी धरला. बायकोकडे पाहायची हिंमत झाली नाही, म्हणून ते रेणुकाबाईंना म्हणाले, "बाई, उद्या बारसं करून राह्यलो. येजा."