घराकडचं चाक

आमच्या धाकटीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपणाला ती सासरीच राहिली आणि आमचं घर एकदम मोकळं पडलं. त्याच वर्षी आक्काचा निरोप आला, "मला एकदा घरी ने."

आक्का माझी थोरली बहीण. घाटाखाली तिच्या मुलाकडे असायची. छातीचं दुखणं वाढलं होतं, खाटेवरून उठून खिडकीपर्यंत गेली तरी धाप लागायची. भाचा म्हणाला, "मामा, मी भाड्याची गाडी करतो, आईला आणून सोडतो." पण आक्का ऐकेल तर ना! "भाड्याच्या गाडीतून पाहुणे येतात," ती म्हणाली. "मी बाबांच्या गाडीतून येणार."

बाबांची गाडी म्हणजे शेडमधली जुनी व्हॅन. बाबा मिस्त्री होते, त्यांच्यामागे मी झालो. शेड घराला लागूनच. आमच्या शेडमध्ये डावं-उजवं कधी चाललं नाही. गाडीकडे तोंड करून डावं की पाठ करून डावं, यावरून कामगारांची रोज भांडणं व्हायची. वैतागून बाबांनी एकदाच सांगून टाकलं, गाडी तोंड आत करूनच लावायची. शेडच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला घरात जायचं दार. त्यामुळे एक चाक भिंतीकडचं आणि एक घराकडचं. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मला फार उशिरा आलं, पण या बोलीत काम कधी अडलं नाही.

ब्रेकची हवा काढणं हे एकट्याचं काम नव्हे. ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा शिरली की पाय दाबला तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही, पेडल मऊ लागतं. मग एकाने वर बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बारीक बोल्ट सैल करून हवा सोडायची. आमच्याकडे वर बसायची आक्का. पाय पुरत नव्हते तेव्हा पाठीशी उशी घेऊन बसायची. बाबा खालून ओरडायचे, "दाब!" ती म्हणायची, "दाबलं." "धर!" "धरलं." "सोड!" "सोडलं." तिचं लग्न झाल्यावर बाबांनी पहिल्यांदा हवा काढायला घेतली, तेव्हा चाकापाशी बसून सवयीने ओरडले, "दाब!" गाडीत कोणीच नव्हतं. मी शेडच्या दारात उभा होतो. बाबा मला म्हणाले, "बघतोस काय, चढ वर." त्या दिवसापासून ती जागा माझी झाली. पण मी पेडल दाबून गप्प बसायचो. "दाबलं" म्हणणारी तीच.

घाट उतरायचा तर ब्रेक चोख हवेत. मी पुढची दोन्ही चाकं उघडली. चकती पकडणारे दोन्ही कॅलिपर काढले, आतले रबर बदलले, पॅड नवे घातले. भिंतीकडचा कॅलिपर भिंतीपाशी ठेवला, घराकडचा दारापाशी. रीतच होती ती.

तेवढ्यात सुनबाईचा, म्हणजे भाच्याच्या बायकोचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "मामा, उशीर करू नका."

मला काही सुचेना. शेजारचे दोघे बोलावले, चाकं नुसती चढवून गाडी ढकलत अंगणात काढली, फिरवली आणि तोंड रस्त्याकडे करून परत शेडमध्ये लावली. सकाळी उठलं की थेट निघता यावं म्हणून. मग चाकं पुन्हा काढली, भिंतीपाशी होता तो कॅलिपर भिंतीकडे बसवला, दारापाशी होता तो घराकडे. नळी जरा मुरडल्यासारखी दिसली. म्हटलं, जुनी नळी, अंग धरून बसली असेल.

बायकोला वर बसवलं. "दाब. धर. सोड." चाकामागून चाक फिरलो. तेल स्वच्छ यायला लागलं, बाटलीत एक बुडबुडा दिसेना.

"कसं लागतंय?"

"अहो, लोण्यात पाय घातल्यासारखं."

"नीट दाब."

"आणखी दाबलं तर पाय गाडीखाली निघेल. मग माझ्याच पायाला बोल्ट लावा."

मी एकेक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहिला, कुठे ओल नाही. तिला म्हटलं, दाबून तशीच धरून ठेव. पेडल हळूहळू खाली सरकलं असतं तर वरचा मास्टर सिलिंडर गेला असं समजायचं. ते सरकलं नाही. मग म्हटलं, भराभर मार. भराभर मारल्यावर पेडल वर आलं, टणक झालं. जरा थांबून दाबलं की पुन्हा मऊ. म्हणजे आत हवाच. पण हवा होती तर बाहेर का येत नव्हती? तेलाची दुसरी बाटलीही संपत आली. ऊन उतरायला लागलं. मी चाकापाशी फतकल मारून बसलो.

"उद्या भाड्याच्या गाडीने आणू या वन्संना," बायको हळूच म्हणाली.

"ती चढणार नाही तिच्यात."

"तिथे गेल्यावर समजूत काढू."

"तू काढणार तिची समजूत?"

बायको हसली, पण मला हसू येईना. मला दुसरीच भीती होती. आक्का हो म्हणेल अशी. ती कशालाही हो म्हणायला लागली तर समजायचं, आता तिच्यात काही उरलं नाही.

फोन वाजला. खुद्द आक्का.

"काय रे, गाडी तयार?"

"ब्रेक मऊ लागतोय, आक्का."

"दाबून धरल्यावर खाली जातं?"

"नाही."

"भराभर मारलं की?"

"वर येतं. थांबलं की पुन्हा तेच."

"मग हवा आहे."

"हवाच गं. पण बाहेर येत नाही. बुडबुडाच नाही."

ती धाप घेत राहिली. तो आवाज ऐकवेना. म्हटलं, "तू पड, मी बघतो." पण तिने फोन सोडला नाही.

"गाडीचं तोंड कुठंय?"

"रस्त्याकडे. तुला आणायला निघायचं म्हणून आधीच फिरवून..."

"गाढवा," आक्का म्हणाली. मग पुन्हा धाप. "मग भिंतीकडचं चाक आता कुठं गेलं?"

मी वाकून पाहिलं. हवा सोडायचा बोल्ट कॅलिपरच्या वरच्या अंगाला हवा, तो खाली आला होता. हवा नेहमी वर चढते. ती वरती ठाण मांडून बसली होती आणि मी खालून नुसतं तेल सांडत होतो. गाडी फिरवल्यावर भिंतीकडचं चाक घराकडे आलं होतं, त्यामुळे इकडचा कॅलिपर तिकडे गेला होता. बसला बरोबर, पण उलटा.

"सापडलं का?" तिकडून आवाज आला.

"सापडलं."

"बाबा असते तर पाना फेकून मारला असता."

"तू आहेस ना."

"मी उद्या येऊन मारते," आक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

कॅलिपरची अदलाबदल केली. बायकोने पाय ठेवला, मी वरच्या अंगाचा बोल्ट सैल केला, आणि बाटलीत बुडबुड्यांची रांग लागली. थोड्या वेळात ती वरून ओरडली, "आता दगड!" मी न सांगताच तिने आणखी एकदा दाबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पहिल्या वळणावर मी उगाचच ब्रेक दाबला. पेडल पायाला वरच लागलं.

आक्काला भाच्याने उचलून आणलं. मागे गादी घातली होती, तिच्यावर ती आडवी व्हायला तयार नाही. पुढेच बसली. घाट चढताना काचेला डोकं टेकून बघत होती. बाबांच्या वेळी रस्त्याला जे झाड होतं ते कुठाय, असं एकदा विचारलं. ते कधीच तोडलं होतं. मी सांगितलं, पुढे आहे.

घरी पोचल्यावर मी गाडी तोंड आत करून लावली. आक्का म्हणाली, "मला तिकडे बसव." बायको आणि मी मिळून तिला धरून माझ्या जागेवर बसवलं. आता पाय पुरत होते, पण पाठीला आधार हवा होता, म्हणून उशी लागलीच. मी घराकडच्या चाकापाशी जाऊन बसलो. करायचं काहीच नव्हतं.

"म्हण की," ती म्हणाली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

पुढचं मला लवकर म्हणता येईना. मी चाकाला हात लावून बसून राहिलो.

"अरे म्हण ना, पाय दुखला माझा."

"सोड."

"सोडलं," आक्का म्हणाली.

ती आमच्याकडे राहिली, परत घाट उतरली नाही. नाती घेऊन धाकटी येऊन गेली, त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे आक्का वारली.