नुसतं ‘सिस्टर’

“तीन-तीन पाउंडकेक केलेत आणि कापायला सुरी एकच. कोण बघतंय हा कारभार?” मन्सी आत्या व्हर्लीनच्या कानाशी पुटपुटली. आत्या नव्वदीला टेकली होती. तिचं पुटपुटणंही चार खुर्च्या पलीकडे ऐकू जायचं.

कारभार व्हर्लीनच बघत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं रोज चारशे पोरांना जेवू घातलेल्या बाईला चर्चच्या मागच्या हॉलमधलं साठ माणसांचं जेवण म्हणजे काहीच नाही. पण आज तिचं लक्ष सुरीवर नव्हतं, केकवरही नव्हतं. ते होतं समोरच्या मोठ्या टेबलावर, इझेलच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर.

त्या खुर्चीवर तिने सकाळीच आपली पर्स ठेवली होती. कॉलर्डच्या पालेभाजीचं पातेलं घेऊन ती परत आली, तर पर्स खिडकीत आणि खुर्चीवर आयडेल पर्विस. जांभळी टोपी, जांभळे हातमोजे. हातमोजे घालून कोंबडी कशी खाणार होती, देव जाणे.

इझेल व्हर्लीनचा धाकटा भाऊ. पोलिसांनी त्याला उचलून नेलं तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, आता अठ्ठेचाळीस. गावाबाहेरच्या एका घरात रात्री कोणीतरी शिरला, तिथल्या बाईवर अत्याचार केला आणि पसार झाला. पोलिसांनी त्या बाईपुढे सहा फोटो मांडले, तिने इझेलच्या फोटोवर बोट ठेवलं. त्या एका बोटाने तेवीस वर्षं नेली. मग कोर्टाच्या तळघरातल्या पुराव्याच्या एका खोक्यात त्या रात्री बाईच्या तपासणीत घेतलेला कापसाचा बोळा सापडला. त्याची डीएनए तपासणी झाली आणि त्यावरचा माणूस दुसराच निघाला. जज्जसाहेबांनी इझेलला सोडलं त्याला आज चाळीस दिवस झाले होते. एवढे दिवस तो वकिलांनी शहरात केलेल्या सोयीत राहिला, कागदपत्रं करत. आज गावात आला होता, आणि आज त्याच्यासाठी जेवण होतं.

ते खोकं वाचलं आयडेलमुळे. ती कोर्टात कारकून. बारा वर्षांपूर्वी तळघरात पाइप फुटला, साहेब म्हणाले, भिजलेलं सगळं फेकून द्या. आयडेलने अकरा खोकी उचलून झाडूंच्या कपाटामागे कोरड्यात ठेवली. बस, एवढंच. व्हर्लीनने हे मनात कितीदा तरी मोजून पाहिलं होतं. एका बाईने एक खोकं फेकलं नाही. आणि दुसरी बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुरुंगात भेटायला तीन तास जात होती, तीन तास येत होती. एकदा बोटं दिसणाऱ्या चपला घातल्या म्हणून तुरुंगाच्या दारातून परत पाठवली, तर नाक्यावरच्या दुकानातून पुरुषी बूट घेतले आणि दोन नंबर मोठ्या त्या बुटांत फटक-फटक करत भावासमोर जाऊन बसली. इझेल हसून हसून खोकला होता त्या दिवशी. त्या बुटांबद्दल आज या हॉलमध्ये कोणी बोलत होतं का? सगळे खोक्याबद्दल बोलत होते.

“सिस्टर,” इझेलचा आवाज आला, “ते लोणचं जरा इकडे...”

व्हर्लीन उठलीच. हिरव्या टोमॅटोचं लोणचं तिच्याच हातचं, बरणीही तिच्याच समोर. बरणी घेऊन ती टेबलापर्यंत पोचली तेव्हा आयडेलने जांभळ्या हाताने दुसरी बरणी त्याच्यापुढे सरकवली होती.

आता असं आहे, आमच्या चर्चमध्ये प्रत्येक बाई सिस्टर असते. सिस्टर पर्विस, सिस्टर अमकी, सिस्टर तमकी. पण पुढे नाव न लावता नुसतं ‘सिस्टर’ म्हटलं, की ती घरातली थोरली बहीण. इझेल बोलायला लागला तेव्हा त्याला व्हर्लीन म्हणता येईना, तो ‘सिता’ म्हणायचा, मग ‘सिस्टर’. त्या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारत होता. आता तीच हाक लोणच्यासाठी भलतीकडे गेली होती.

“मला वाटलं, मला म्हणालास,” व्हर्लीन म्हणाली.

“दोन्ही ठेव ना,” इझेल म्हणाला. तिच्याकडे न बघता.

ती बरणी ठेवून परत आली. मन्सी आत्या म्हणाली, “काय गं, तुझं तोंड का असं? मिरची चावली?”

“भाजीत मीठ जास्त झालंय.”

“भाजीत नाही झालेलं,” आत्या म्हणाली आणि हाडूक चोखायला लागली.

मग रेव्हरंड उठले. देवाचे आभार झाले, वकिलांचे झाले, सिस्टर पर्विसचे झाले. टाळ्या पडल्या. “आणि आपल्या सिस्टर व्हर्लीनला कसं विसरता येईल!” ते म्हणाले. “तेवीस वर्षं एक महिना चुकवला नाही! शिवाय पॅरोल बोर्डाला पत्रं...”

इथे रेव्हरंडना आठवलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. हॉलभर सगळ्यांना अचानक आपापल्या ताटातले काटे काढायचे सुचले. ज्यांच्या ताटात मासा नव्हता त्यांनाही.

पत्रं तीन होती. पॅरोल बोर्डाची रीत अशी, की माणसाने केलं ते कबूल करावं, पश्चात्ताप दाखवावा, मग शिक्षा संपायच्या आधी सोडायचा विचार. इझेल दर वेळी म्हणायचा, मी केलंच नाही तर माफी कसली मागू? आणि बोर्ड त्याला परत पाठवायचं. व्हर्लीन काचेपलीकडून विनवायची, “अरे, माझं चुकलं म्हण ना. दोन शब्द. म्हणायला काय जातं?” तो म्हणेना, तेव्हा तिने स्वतःच बोर्डाला लिहिलं: माझ्या भावाच्या हातून जे घडलं त्याचं त्याला फार वाईट वाटतं, तो फक्त बोलून दाखवत नाही. पुढे वकिलांनी खोक्यातल्या कापसाची तपासणी मागितली, तेव्हा सरकारी वकिलाने त्यातलंच एक पत्र कोर्टात वाचून दाखवलं. याच्या सख्ख्या बहिणीनेच मान्य केलंय, मग तपासणी कशाला? अर्ज फेटाळला गेला. वरच्या कोर्टात जाऊन तपासणी मंजूर व्हायला आणखी चार वर्षं लागली. ते पत्र वाचलं त्या दिवशी अख्खं घर कोर्टात बसलं होतं. घरी येताना गाडीत सगळे कापसाच्या पिकाबद्दल बोलले. नंतर कधी विषय निघालाच तर कोणीतरी घाईने म्हणायचं, बिचारीने त्याला घरी आणायला लिहिलं. मग दुसरा विषय.

रेव्हरंडनी पाणी पिऊन गाडी वळवली. “मग इझेल, राहणार कुठे? सिस्टर व्हर्लीनकडेच ना?”

व्हर्लीनने मान ताठ केली. त्याची खोली तेवीस वर्षं रिकामी होती. पडदे तीनदा बदलले होते. परवाच पलंगावर नवी गादी टाकली होती.

“मिस आयडेलच्या परसात एक खोली आहे,” इझेल म्हणाला. “तिथे.”

व्हर्लीन उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली पातेली परत धुवायला लागली. थोड्या वेळाने आयडेल ताटांची चवड घेऊन आत आली. हातमोजे काढले होते. तिच्या पाठोपाठ इझेलही आला, दारातच थांबला. त्याच्या मागून काठी टेकत मन्सी आत्या. गंमत चुकवायची तिला सवय नव्हती.

“माझा काही आग्रह नाही,” आयडेल म्हणाली. “त्यानेच विचारलं.”

“एक सांगा मला,” व्हर्लीन नळ बंद न करताच म्हणाली. “ते खोकं उचललंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, की हा निर्दोष आहे?”

“नाही हो.”

“वाटलं तरी होतं?”

“मी ओळखतसुद्धा नव्हते. खोक्यावर नुसता नंबर होता.” आयडेलने ताटं खाली ठेवली. “न उघडलेलं फेकायचं कसं? आत काय आहे ते मला कुठे माहीत होतं?”

“बघ!” व्हर्लीन इझेलकडे वळली. हातातल्या साबणाच्या पाण्याचे ओघळ कोपरापर्यंत गेले होते. “ऐकलंस? तिला तुझं नावही ठाऊक नव्हतं! तिने एक खोकं हलवलं आणि तिला खुर्ची, तिला टाळ्या, तिला माझी हाक! मी तुझ्यासाठी ते बूट घालून...”

“आठवतात मला ते बूट,” इझेल म्हणाला.

“मग?”

नळ वाहत होता. आयडेलने पुढे होऊन तो बंद केला.

“तू सगळं बोलायचीस,” इझेल म्हणाला. “आईचे गुडघे, शाळेतलं जेवण, कोणाचं लग्न, कोण मेलं. दर महिन्याला दोन तास. ‘इझेल, तू केलंस का?’ हे एकदा विचारलं नाहीस, सिस्टर. मला वाटायचं, पुढच्या महिन्यात विचारेल. मी उत्तर तयार ठेवायचो.”

त्या बाईवर अत्याचार झाला त्या रात्री तो घरी आला तो पहाटेच. मानेवर ओरखडे होते. व्हर्लीनने ते पाहिले आणि त्याच्यापुढे न्याहारी ठेवली. कुठे होतास, ते विचारलं नाही.

“अरे, पुरे झालं आता,” मन्सी आत्या घाईने म्हणाली. “बिचारीने तुला घरी आणायला लिहिली ती पत्रं. सगळ्यांना माहीत आहे. चला, केक कापा कोणीतरी.”

“नाही, आत्या,” व्हर्लीन म्हणाली.

तिने हात पुसायला फडकं शोधलं, ते सापडलं नाही. तसेच ओले हात पोटाशी धरून ती भावासमोर उभी राहिली.

“तुला विचारलं नाही, कारण मला वाटायचं, ते तूच केलंस.”