माझ्यापुढचा दर्या बुजवला

मी एक जुनी लाकडी लाँच आहे, मित्रांनो. लाँच म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र, काचेच्या खिडक्यांची बोट येत असेल. मी तसली नव्हे. माझ्या अंगाला डिझेलचा आणि मासळीचा वास येई, आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही.

माझा जन्म रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी झाला. सागवानी फळ्या वाकवून, त्यांच्या फटींत कापूस ठोकून आणि वरून माशाचे तेल चोपडून सुतारांनी मला उभे केले. पुढे बहरीनच्या यासीन नावाच्या व्यापाऱ्याने मला विकत घेतले. त्याला सगळे नाखुदा म्हणत, म्हणजे होड्यांचा धनी. माझ्याबरोबर आमच्याच खाडीचा जमालुद्दीन तांडेल म्हणून आला. तेव्हापासून माझे सुकाणू त्याच्या हाती होते.

बहरीनला आमच्या किनाऱ्याशी पाणी उथळ होते. मोठी जहाजे लांब नांगर टाकून उभी राहत आणि मी त्यांच्याकडे खेपा घाली. खलाशी, भाजीच्या पाट्या, बर्फाच्या लाद्या, ट्रंका, सगळे माझ्या डोक्यावर. एवढाली लोखंडी धुडे, पण भाजी हवी असली की माझी वाट पाहत. मला थोडा गर्व झाला होता, खोटे कशाला सांगू? नाखुदा माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, थाप मारून म्हणे, "जमाल, ये अपना घोडी है!"

जमालुद्दीनची एक खोड मात्र नाखुद्याला कधी उमगली नाही. कोकणात पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटतात. हिंदू असो, मुसलमान असो, आमच्या खाडीचा हाच रिवाज. आता बहरीनमध्ये कसला आलाय पावसाळा? तिथे जूनमध्ये नुसती आग पडते. तरीही जमालुद्दीन मला वर काढी आणि खजुराच्या झावळ्यांखाली ठेवी.

"जमाल, इधर बारिश मफी!" नाखुदा हसायचा. मफी म्हणजे नाही.

"बारिश मफी, नाखुदा. लेकिन कायदा है."

त्या कायद्यामागे एक दुःख होते. जमालुद्दीनच्या बापाने एका वर्षी नारळाआधी होडी लोटली होती. होडी परत आली, बाप आला नाही. नाखुद्याकडे आणखी लाँची होत्या, म्हणून हे लाड चालून गेले.

नव्वदचे साल उलटले आणि बेटाचे रूप पालटू लागले. पाहुणे वाढले, हॉटेले वाढली. विमानांना जागा हवी होती, जहाजांना खोल पाण्याचा धक्का हवा होता. नवा धक्का झाला तशी जहाजे थेट त्यालाच लागू लागली आणि माझ्या खेपा बंद पडल्या. नाखुदाही थकला होता. त्याने बाकीच्या लाँची विकल्या आणि मला जमालुद्दीनच्या स्वाधीन केले. "मच्छी मारो, जमाल. लाँच चलेगा, तब तक तेरा व्हिसा भी चलेगा," असे तो म्हणाला. म्हणजे जमालुद्दीनची रोजीरोटी आणि त्याचे या बेटावरचे राहणे, दोन्ही आता माझ्यावर होते. मी म्हातारी झाले होते, पण इमानाने चालत होते.

त्याचा मुलगा उबेद टिपर चालवी. वाळू आणि दगड आणून समुद्रात भर टाकायची, हे त्याचे काम. बाप दर्यावर जगे आणि मुलगा दर्या बुजवी. दोघे जेवत मात्र एकाच ताटात.

एका जूनमध्ये जमालुद्दीन मला वर ओढायला दोर बांधत होता, तेवढ्यात उबेद आला.

"बाबा, यंदा लाँच वर काढू नको. पलीकडं बांध घालतायत. हितलं पाणी सगळं बुजवणार."

"पुनवेला उतरवतो ना."

"तवर पाणी राहील काय? आत्ताच दुसऱ्या किनाऱ्याला नेऊन ठेव."

"नारळाआधी तिला दर्यावर फिरवायची नाय."

"बाबा, हितं पाऊस पडत नाय!"

"ते माझ्या बापाला जाऊन सांग," असे म्हणून जमालुद्दीनने गाठ आवळली.

उबेदला राहवेना. त्याने आपल्या साहेबाला गाठून विनवले, की पौर्णिमेपर्यंत लाँचपुढची तेवढी वाट मोकळी ठेवा. साहेब घाईत होता. "इंशाल्ला," म्हणजे देवाची मर्जी असेल तर, एवढेच म्हणाला आणि गाडीत बसला. जमालुद्दीन निर्धास्त झाला. उबेद काही झाला नाही.

मी झावळ्यांखालून सगळे पाहत होते. बांध पुढे सरकत गेला आणि एक दिवस त्याची दोन्ही टोके जुळली. दर वर्षी भरतीचे पाणी माझ्या पोटाला लागे आणि मी ओलसर राहत असे. त्या वर्षी ते यायचे थांबले. उबेद माझ्यासमोर भर टाकायचे टाळत होता, पण ड्रायव्हरला जागा निवडता येत नाही. एका सकाळी त्याचाच टिपर माझ्या नाळेपुढे रिकामा झाला. धुरळा बसेपर्यंत तो खाली उतरला नाही, आणि मग माझ्याकडे न पाहताच निघून गेला.

नारळी पौर्णिमा आली. जमालुद्दीनने बाब अल बहरीनच्या बाजारातून नारळ आणला, धुतलेला सदरा घातला. भरतीही आली, पण बांधाच्या पलीकडे. तो नारळ घेऊन नव्या भरावावरून चालू लागला, तर पहारेकऱ्याने अडवले. "पास मफी? आगे मना है." जमालुद्दीन तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने उबेदचा टिपर आला.

"तुला आत सोडतात ना?" जमालुद्दीनने विचारले. "मग एवढा टाक दर्यात. लाँचच्या नावानं टाक."

उबेदने नारळ शेजारच्या सीटवर ठेवला आणि टिपरच्या पाठीवर दगडांची भर घेऊन तो आत गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

घर फिरले की घराचे वासे फिरतात म्हणतात. उन्हाने माझ्या फळ्या सुकून फाकल्या होत्या. ट्रेलरवर घालून दुसरीकडे नेले असते, तरी पाण्यात ठेवताच मी बुडाले असते. मला सांधणारे सुतार त्या बेटावर उरले नव्हते. लाँच नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून जमालुद्दीनचा व्हिसाही संपला. तेवढ्यात विमानतळाच्या रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलाला हिरवळीवर मांडायला जुनी होडी हवी होती. "देऊन टाक, बाबा. नायतर बुलडोझर मोडून टाकील," उबेद म्हणाला. जमालुद्दीनने होकारार्थी मान हलवली.

मला निळा रंग फासला, दिव्यांच्या माळा घातल्या. पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढत. नव्याचे नऊ दिवस सरले, आणि माळांतले निम्मे दिवे विझले ते कोणी बदलले नाहीत.

गावी परतायच्या दिवशी जमालुद्दीनने उबेदला माझ्यापाशी गाडी थांबवायला लावली. त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला. फटींत त्याची बोटे सहज गेली. बाजूला माळी हिरवळीला पाणी घालत होता. जमालुद्दीनने त्याच्या हातातला पाइप घेतला आणि माझ्यावर धरला.

"बाबा, तिला आता काय उपेग?"

"तहानलीय रे ती."

पाणी एका फटीतून आत शिरत होते आणि दुसऱ्या फटीतून गवतावर सांडत होते. तो तसाच धरून उभा होता. शेवटी उबेदने हळूच पाइप काढून घेतला. "फ्लाइटचा टाइम झाला. चल, बाबा. यल्ला." मला खूप रडू येत होते, पण लाकडाला रडता येत नाही. तासाभराने एक विमान माझ्या डोक्यावरून गेले.

मित्रांनो, विमानतळ हवेत, बंदरेही हवीत. मी कोण आडवी येणार? पण तुम्ही मोठे झालात, साहेब झालात, आणि एखादा किनारा बुजवायची पाळी तुमच्यावर आली, तर तिथे आधीपासून कोण उभे आहे ते जाऊन बघा. त्याचे म्हणणे तुम्हाला खुळे वाटले तरी ऐकून घ्या. जमालुद्दीनने कोणाचे काम बंद पाडा म्हटले नव्हते. पौर्णिमेपर्यंत थांबा, एवढेच त्याचे मागणे होते.