वाट मोकळी करणाऱ्याचं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट बोलतोय, मित्रांनो. स्कूटरवरचं नव्हे. अमेरिकेतला फुटबॉल चेंडू कवटाळून आणि एकमेकांच्या अंगावर धावून जाऊन खेळतात. त्या खेळातला मी. ओहायोमधल्या सरोवराकाठच्या एका शहरात वेंडेल प्रुइट नावाचा एक गडी खेळायचा. त्याच्या डोक्यावर मी असायचो.

माझं कवच टणक प्लॅस्टिकचं, तोंडापुढे पोलादी जाळी, आत मऊ गाद्या. कारखान्यातून निघतानाच माझ्या पाठीवर एक सूचना चिकटवली होती : कुठलंही हेल्मेट मेंदूची इजा पुरती टाळू शकत नाही. मला स्वतःची पाठ दिसत नाही. ज्यांना दिसत होती, त्यांनी त्या सूचनेवर संघाचं चित्र चिकटवलं. किती छान दिसत होतं ते चित्र!

वेंडेल फुलबॅक होता. वरातीत घोड्याच्या पुढे चालून गर्दी हटवणारा माणूस असतो ना, तसं त्याचं काम. चेंडू घेऊन पळायचा कोर्टनी. वेंडेल त्याच्या पुढे धावायचा आणि आडवा येईल त्याला डोकं खाली घालून धडकायचा. वाट मोकळी झाली की कोर्टनी त्यातून सुसाट निघायचा आणि सगळं मैदान कोर्टनीच्या नावानं ओरडायचं. वेंडेल तेव्हा खाली पडलेला असायचा, कुणाच्या तरी पायांखाली.

धडकेत समोरच्याच्या हेल्मेटचा रंग माझ्यावर उतरायचा. एकाचा लाल, दुसऱ्याचा पिवळा. सामान सांभाळणारा ग्रेडी ते पुसायला आला की वेंडेल मला पोटाशी धरायचा.

"हात लावशील तर खबरदार! ती माझी पदकं आहेत."

"अरे, रंगवलेली भिंत आहे की हेल्मेट आहे हे?" ग्रेडी म्हणायचा.

सगळे हसायचे आणि मी फुगायचो. ज्याच्या हेल्मेटवर जास्त रंग, तो खरा मर्द, असा तिथला समज होता. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. एकेक ओरखडा मी मिरवला.

दर उन्हाळ्यात हंगाम सुरू होण्याआधी डॉक्टर खेळाडूंची परीक्षा घ्यायचे. शब्द ऐकवायचे, ते परत म्हणायला लावायचे. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण कमी झाले तर खेळायची बंदी. पण जुन्या खेळाडूंनी यावर तोड काढली होती.

"आज फार हुशारी दाखवू नकोस, लेका," कोर्टनी वेंडेलच्या कानात म्हणाला. "आत्ताच ढ राहा. म्हणजे नंतर मार लागला तरी डॉक्टर म्हणतील, हा तर पहिल्यापासून असाच!"

वेंडेल खो-खो हसला आणि त्यानं मुद्दाम चुकीचे शब्द सांगितले. घरी जाऊन बायकोला, मार्व्हाला, हा किस्सा रंगवूनही सांगितला. मार्व्हा हसली नाही. त्यांची सहा वर्षांची ओडेट मात्र खूप हसली.

मग नोव्हेंबरातला एक सामना आला. वेंडेल एका दांडग्या गड्याला असा धडकला की माझी जाळी वाकली. तो उठला, चालायला लागला आणि थेट समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या डावाची वाट बघू लागला.

"पाहुणे आले रे! चहा टाका!" ते ओरडले.

कोर्टनीनं त्याला दंडाला धरून परत आणलं. सगळं मैदान हसत होतं. डॉक्टरांनी परीक्षा घेतली. गुण उन्हाळ्याइतकेच निघाले. "ठीक आहे," ते म्हणाले. "रविवारी खेळू दे."

रविवारचा सामना जिंकला तर संघ पुढच्या फेरीत जाणार होता.

मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते. ओडेटच्या वर्गात प्रत्येक मुलानं घरातल्या मोठ्या माणसाच्या कामाची वस्तू दाखवायची होती, म्हणून ग्रेडीला विचारून वेंडेल मला घेऊन गेला. वर्गात माझे केवढे लाड झाले! लाल डाग कुणाचा, पिवळा कुणाचा, सगळं ओडेटनं सांगितलं. दुपारी ते दोघं गाडीतून घरी निघाले. मी मागच्या सीटवर होतो.

स्वयंपाकघरात शिरताच ओडेटनं दप्तर फेकलं.

"ममा, डॅडीनं आज मस्त गंमत केली! घर कुठंय ते विसरलो म्हणाला. मग मीच रस्ता सांगितला. चर्चपाशी उजवीकडे, पंपापाशी डावीकडे!"

मार्व्हा मक्याचा पाव कापत होती. सुरी तिथेच थांबली.

"गंमतच करत होतो गं," वेंडेल म्हणाला आणि मला टेबलावर ठेवलं.

"डॅडी परीक्षेतसुद्धा गंमत करतो," ओडेट म्हणाली. "मुद्दाम चुकतो!"

मार्व्हानं हात पुसले. खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली.

"बरं. मग आता मुद्दाम चुकू नकोस. मी पाच शब्द सांगते. कुंपण, घोडा, लिंबू, खिडकी, बूट. चल, म्हण."

"मार्व्हा, पोरीसमोर काय हे..."

"म्हण ना, वेंडेल."

"कुंपण," तो म्हणाला. "घोडा." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू बाकीचे शब्द माझ्या आत कुठेतरी सांडले असावेत. "बूट. आणि... कुंपण."

ओडेट टाळ्या पिटत हसली. "बघ! परत मुद्दाम!"

वेंडेल हसला नाही. उन्हाळ्यात सोंग करून त्यानं जेवढे शब्द सांगितले होते, आज जीव तोडून तेवढेच आठवले होते. हे त्याला कळलं, मार्व्हाला कळलं, आणि मला कळलं. मित्रांनो, त्या टेबलावर मला लपायला जागा नव्हती. माझ्यावर इतके रंग होते, आणि त्यातला एकही त्या माणसाच्या उपयोगाचा नव्हता.

"रविवारी फक्त एक सामना," वेंडेल हळूच म्हणाला.

"आणि सोमवारी हिला शाळेतून कोण आणणार?" मार्व्हा म्हणाली. "तू आणशील. पण कुठल्या घरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काखेत मारून तो डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, "माझी उन्हाळ्यातली परीक्षा खोटी होती. आत्ताची खरी आहे. मला नका खेळवू."

रविवारी दुसराच कुणी कोर्टनीच्या पुढे धावला. संघ हरला. ज्याच्याकडे कधी कुणाचं लक्ष नव्हतं, त्या वेंडेलला त्या आठवड्यात सगळ्या शहरानं शिव्या घातल्या. वेंडेल पुन्हा मैदानात उतरला नाही. ग्रेडीनं मला त्याच्या घरी पाठवून दिलं.

आता मी त्यांच्या दिवाणखान्यात फळीवर असतो. वेंडेल ओडेटला शाळेत सोडतो, दुपारी परत आणतो. मार्व्हा दारातून गाडी वळेपर्यंत बघत राहते. काही दिवस बरे जातात. एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर तो गाडीत बसून राहतो, किल्ली हातात, आणि मग ओडेटच म्हणते, "चर्चपाशी उजवीकडे, डॅडी." आता ती हसत नाही.

म्हणून माझी एक विनवणी आहे, मित्रांनो. खेळा, धावा, पडा. हेल्मेट जरूर घाला, पण त्याच्या भरवशावर डोकं आपटत सुटू नका. मार लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच सांगा. आईला सांगा, बाईंना सांगा. लोक हसले तर हसू देत. आणि जो तुमच्यासाठी वाट मोकळी करून खाली पडतो, त्याच्याकडे एकदा वळून बघा.

परवा कोर्टनी भेटायला आला होता. वेंडेलच्या डोळ्यांना डोळे भिडवायचं त्याला जमेना, म्हणून त्यानं मलाच हातात घेतलं. उलटं-सुलटं करून बघत राहिला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "एवढे हाणले आपण, आणि याला एक तडासुद्धा नाही!"

वेंडेलनं मला त्याच्या हातातून घेतलं आणि तोंड भिंतीकडे करून फळीवर ठेवलं. बरंच केलं.